विश्व मोजायचंय? एक पिवळं कार्डशीट, चिमूटभर मोहरी आणि अडीच किलोमीटर रस्ता घ्या

विश्व किती मोठंय हे सांगणारे व्हिडिओ आता ढिगाने मिळतात. पृथ्वीवरून कॅमेरा मागे मागे जातो, म्युझिक चढत जातं आणि तीन मिनिटांत आपण आकाशगंगेच्या बाहेर. बघायला भारी वाटतं, पण डोक्यात काही राहत नाही, कारण तो कॅमेरा प्रकाशाच्या कैक कोटी पट वेगाने पळत असतो आणि मधली रिकामी जागा, जी खरं तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, तीच कापून टाकलेली असते. शाळेच्या पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र तर त्याहून वाईट, सगळे ग्रह लायनीत एकमेकांना चिकटून, जणू रेशनच्या रांगेत उभेत. पान तेवढंच असतं म्हणून तसं काढावं लागतं हे मान्य, पण ते चित्र आयुष्यभर डोक्यात राहतं त्याचं काय.

यावर एकच इलाज मला पटलाय, आकार आणि अंतर दोन्ही एकाच स्केलमध्ये घ्यायचे आणि चालायचं. खर्च शंभर रुपयांच्या आत, एक रविवार सकाळ, आणि नंतर जमलं तर एक अंधारी रात्र. कसं करायचं ते सांगतो.

आधी स्केल ठरवू. नेटवर बघाल तर वेगवेगळी सापडतील, पण आपल्या लाख-कोटीला सगळ्यात सोयीचं हे: १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. म्हणजे १ मीटर झालं १ कोटी किलोमीटर, १ मिलिमीटर झालं १० हजार किलोमीटर, बस. कॅल्क्युलेटर लागत नाही. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे? मग १५ मीटर. गुरू सूर्यापासून साधारण ७८ कोटी किलोमीटरवर? मग ७८ मीटर. पोरांना आकडे सांगा, अंतरं तीच काढून देतील, आणि तसंच करू द्या, आयतं सांगू नका.

आता सामान. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, म्हणजे आपला सूर्य १४ सेंटीमीटरचा. पपनस मिळालं तर साइज बरोबर बसते, पण पिवळ्या कार्डशीटचं १४ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ कापलेलं जास्त कामाचं, ते लांबून दिसतं आणि गडगडत जात नाही. पृथ्वी सव्वा मिलिमीटर, म्हणजे बारीक मोहरीचा दाणा (जाड मोहरी दोन मिलिमीटरची असते, ती नको, डब्यातून बारीक निवडून घ्या). शुक्रही तसाच, केसभर लहान. मंगळाला खसखशीचा दाणा, बुधाला बारीक रव्याचा कण. गुरू १४ मिलिमीटर, त्याला लहान गोटी. शनी साडेअकरा, रात्रभर भिजवलेला काबुली चणा मस्त जमतो, आणि कड्यांसाठी पावणेतीन सेंटीमीटर व्यासाची कागदी चकती कापून मधोमध भोक पाडून त्याच्यात चणा बसवायचा. युरेनस आणि नेपच्यून दोघंही ५ मिलिमीटरच्या आसपास, दोन मिरे. चंद्र एक तृतीयांश मिलिमीटर, मिठाचा एक कण.

हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर फेव्हिकॉलने चिकटवायचं, प्रत्येक कार्डावर नाव आणि अंतर मोठ्या अक्षरात लिहायचं. नुसते दाणे हातात घेऊन गेलात तर पहिल्या झुळकीत मंगळ गायब. पृथ्वीच्या कार्डावर मोहरीपासून पट्टीने मोजून ३.८ सेंटीमीटरवर मिठाचा कण चिकटवा, कारण चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. हे आदल्या रात्रीच करा, फेव्हिकॉल वाळायला वेळ लागतो आणि मिठाचा कण पकडायला संयम लागतो (टाचणीचं टोक जरासं ओलं करा, त्याला चिकटून येतो).

जागा. शाळेचं ग्राउंड शंभर मीटरचं असेल तर गुरूपर्यंतच गाडी जाते. नेपच्यूनसाठी ४५० मीटर लागतात, आणि मला विचाराल तर पूर्ण मजा अडीच किलोमीटरमध्ये आहे. मुंबईकरांना मरीन ड्राइव्ह आहे, नरिमन पॉइंटच्या टोकाला सूर्य ठेवायचा आणि गिरगाव चौपाटीकडे निघायचं, रस्ता वळतो पण आपण अंतर चालत मोजतोय त्यामुळे बिघडत नाही. कोकणात असाल तर लांब पुळण, गावात असाल तर कॅनॉलच्या कडेचा रस्ता. सकाळी सहा-साडेसहाला जा, गर्दी नाही आणि ऊन नाही. मरीन ड्राइव्हवर वाऱ्याचं मात्र बघा, कार्डं दगडाखाली दाबा किंवा प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देऊन त्याला तिथंच उभं करा. आठ-दहा जण असतील तर हेच बेस्ट, प्रत्येक जण एक ग्रह.

पहिले चार ग्रह टेपने मोजा, ३० मीटरची फायबरची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते किंवा एखाद्या काँट्रॅक्टरकडून मागून घ्या. बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८. मोबाईलच्या जीपीएसवर इथं भरवसा नको, तो पाचेक मीटर इकडंतिकडं सहज दाखवतो आणि तुमचा शुक्र बुधावर जाऊन बसेल. पुढचं मात्र मॅपवर मोजलं तरी चालतं: गुरू ७८ मीटर, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. पावलांनी मोजायचं असेल तर आधी आपली दहा पावलं टेपने मोजून घ्या, बहुतेकांचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास भरतं, त्या हिशोबाने पृथ्वीला २० पावलं आणि नेपच्यूनला ६००.

पृथ्वीवर पोचलात की थांबा, घाई नको. इथून मागे वळून ते पिवळं वर्तुळ बघा. १५ मीटरवरून १४ सेंटीमीटरचं वर्तुळ जेवढं दिसतं, तेवढाच खरा सूर्य आकाशात दिसतो, आणि योगायोगाने पौर्णिमेचा चंद्रही तेवढाच. हात लांब करून करंगळी धरली तर ती अर्ध्या रुंदीतच वर्तुळ झाकते. खऱ्या सूर्याकडे बघून ताडायला जाऊ नका, डोळे जातील, रात्री चंद्रावर करंगळी धरून बघा. ही टेस्ट पास झाली म्हणजे तुमचं स्केल बरोबर, नाही झाली तर कुठंतरी मोजण्यात गडबड आहे.

मग ते मोहरीचं कार्ड जवळून बघा. माणूस स्वतः जाऊन आला तो या कार्डावरच्या मिठाच्या कणापर्यंत, साधारण चार सेंटीमीटर. चंद्रावर १९६९ ते १९७२ मध्ये बाराच जण चालले. स्पेस स्टेशन ४०० किलोमीटर वर फिरतं, आपल्या स्केलवर ते मोहरीपासून ०.०४ मिलिमीटरवर, म्हणजे चिकटलेलंच. वातावरण संपून अवकाश सुरू होतं असं जिथं मानतात ती १०० किलोमीटरची रेषा ०.०१ मिलिमीटर. पाऊस, ढग, विमानं, सह्याद्री, हिमालय, पक्षी, सगळं त्या थराच्या आत. ते काही कार्डावर दाखवता येत नाही, नुसतं सांगावं लागतं.

इथंच अजून एक छोटं कार्ड ठेवा. भारताचं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर आहे, जानेवारी २०२४ मध्ये तिथं पोचलं, त्यातली सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झाली. बातम्यांमध्ये तेव्हा 'सूर्याकडे झेप' वगैरे चाललं होतं, तर आता १५ लाख किलोमीटर म्हणजे १५ सेंटीमीटर, मोहरीपासून वीतभरही नाही. उरलेलं पावणेपंधरा मीटर अंतर तसंच पडलंय. ते तिथं मुद्दामच थांबवलंय, कारण तिथून सूर्य अखंड दिसतो, मधे ग्रहण येत नाही, पण बातमी वाचून जे चित्र डोळ्यासमोर येतं ते आणि हे यात किती फरक आहे ते पट्टीने मोजूनच दिसतं.

आता प्रकाश. सेकंदाला ३ लाख किलोमीटर, आपल्याकडे सेकंदाला ३ सेंटीमीटर. फुटपाथवर ३० सेंटीमीटरच्या फरशा असतील तर सोन्याहून पिवळं, एका पोराला सूर्याजवळ उभं करा, स्टॉपवॉच लावा आणि दर दहा सेकंदांनी एक फरशी पुढे सरकायला सांगा. पृथ्वीला पोचायला ५० फरशा, ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. हा खेळ पूर्ण खेळा. चौथ्या मिनिटाला पोरगं कंटाळतं, पाचव्याला 'अजून किती' विचारतं, आणि तो कंटाळा हाच धडा आहे, प्रकाश म्हणजे झटकन असं जे आपल्याला वाटत असतं ते या आठ मिनिटांत निघून जातं. गुरूपर्यंत त्याच चालीने पाऊण तास लागेल आणि नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त, ते करू नका, नाश्ता करा.

मंगळानंतर गुरूपर्यंत ५५ मीटर काहीच नाही, ही पहिली मोठी पोकळी. मधे ३३ ते ४८ मीटरच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा येतो, सिनेमात तिथून यान दगड चुकवत चुकवत जातं तसलं काही नाही, तिथले सगळे दगड एकत्र केले तरी आपल्या चंद्राच्या वजनाच्या ३ टक्के भरतात, म्हणजे त्या मिठाच्या कणाचा एक बारीकसा तुकडा कुटून पंधरा मीटर रुंदीच्या गोल पट्ट्यात उधळलाय. पुढे शनी, युरेनस पटपट उरकले तरी चालतील, बघायला तिथं एक चणा आणि एक मिरा आहे, बाकी चालणंच आहे. आणि हो, सगळे ग्रह एका रेषेत असतात असा समज करून देऊ नका, आपण सोयीसाठी एकाच दिशेला मांडतोय. मोठं मैदान असेल तर वेगवेगळ्या दिशांना मांडा, मोबाईलवर स्टेलॅरियम टाकलं की त्या दिवशी कोणता ग्रह कुठंय ते कळतं.

नेपच्यूनच्या कार्डाजवळ उभं राहून परत मागे बघा. ४५० मीटरवरचं ते वर्तुळ आता एक ठिपका झालेलं असतं, डोळे चांगले असतील तर जेमतेम दिसतो. हेही स्केलप्रमाणेच आहे, नेपच्यूनवरून सूर्य असाच ठिपका दिसणार, फक्त डोळे दिपवणारा. या ठिपक्याचं गुरुत्व इथपर्यंत पोचतं आणि हा मिरा त्याच्याभोवती १६५ वर्षांत एक चक्कर मारतो. १८४६ मध्ये तो सापडला, त्यानंतर पहिली चक्कर २०११ मध्ये पूर्ण झाली.

बरेच जण इथं थांबतात. तुम्ही थांबू नका, अजून दोन किलोमीटर चाला, सूर्यापासून साधारण अडीच किलोमीटर होईपर्यंत. वाटेत ठेवायला जवळजवळ काहीच नाही, प्लूटो आणि त्याच्यासारखे बर्फाळ धुळीचे कण, तेवढंच. अडीच किलोमीटरवर एखादा दिव्याचा खांब गाठा आणि त्यावर व्हॉयेजर १ चं कार्ड लावा. सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेलं हे यान, माणसाने बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू. त्याचा वेग सेकंदाला १७ किलोमीटर, आपल्या फुटपाथवर दिवसाला साधारण १५ सेंटीमीटर, वर्षाला ५४ मीटर. दर वर्षी हा उद्योग करणार असाल तर हे एकच कार्ड दर वर्षी पुढे सरकवावं लागेल, दोन-तीन खांब.

शेजारचा तारा कुठं ठेवायचा? प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, आपल्या स्केलवर सुमारे ९५० किलोमीटर, त्यामुळे प्रॉक्झिमा जाऊन बसतो ४ हजार किलोमीटरवर. मुंबई-पुण्याहून सिंगापूरच्याही जरा पुढे. आकार दोन सेंटीमीटर, एक आवळा. म्हणजे मुंबईत एक पपनस, त्याच्या आजूबाजूला अर्ध्या किलोमीटरच्या आत आठ दाणे, आणि मग सिंगापूरपलीकडच्या एका आवळ्यापर्यंत दुसरा तारा नाही. व्हॉयेजरच्या चालीने तिथं जायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील, आणि ते त्या दिशेला चाललेलंही नाही.

या ठिकाणी कुणीतरी हमखास म्हणतो, 'बघा आपण किती क्षुद्र', आणि सगळे माना डोलावतात. मला हे वाक्य आळशीपणाचं वाटतं. मोहरीच्या दाण्यावर बसून हे अंतर मोजलं कुणी, कसं मोजलं, ते आधी विचारा ना. करून दाखवायला सोपं आहे: अंगठा समोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. ताऱ्यांसाठी हेच करायचं, पण दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं, एकदा आज बघायचं आणि एकदा सहा महिन्यांनी. फुटपाथवर जाऊन ती दोन टोकं मोजा, सूर्याच्या या बाजूला १५ मीटर, त्या बाजूला १५, एकूण ३० मीटर. फ्रीडरिश बेसेलने १८३८ मध्ये याच ३० मीटरच्या पायावर हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी नावाच्या ताऱ्याचं अंतर काढलं, तो तारा आपल्या स्केलवर १० हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. तीस मीटर सरकल्यावर दहा हजार किलोमीटरवरचं फळ किती हललेलं दिसेल विचार करा, ते त्याने दुर्बिणीला डोळा लावून मोजलं, तेव्हा ताऱ्यांचे फोटोसुद्धा निघत नव्हते. मी तर म्हणतो मोहरीच्या कार्डाच्या पाठीवर हे लिहून ठेवा, पोरांना 'क्षुद्र'पेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहतं.

आता दुसरा भाग, आकाशगंगेचा. पहिलं स्केल इथं चालत नाही, त्यात आकाशगंगा साडेनऊ कोटी किलोमीटरची होते. म्हणून स्केल एकदाच बदलायचं, आणि बदलतोय हे मोठ्याने सांगायचं, नाहीतर सगळ्यांचा गोंधळ होतो: आता १ मिलिमीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष. पहिल्यापेक्षा जवळपास ९५ कोटी पट लहान. मघाशी आपण मांडलेली नेपच्यूनपर्यंतची अख्खी सूर्यमाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० मीटर, ती आता एका मिलिमीटरचा हजारावा भाग झाली. मायक्रोस्कोपशिवाय दिसायची नाही.

या स्केलवर आकाशगंगा १०० मीटरची, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीएवढी गोल चकती, जाडी सुमारे एक मीटर. मैदानाच्या मधोमध एक काठी रोवा, तिथून २६ मीटर मोजा आणि तिथं एक खुर्ची मांडा. आपण इथं. मधेही नाही, कडेलाही नाही. खुर्चीवर एक कागद ठेवून पेनने एक ठिपका काढा, हा सूर्य. आता पट्टी घ्या आणि आपले ओळखीचे तारे मांडत जा. प्रॉक्झिमा ४ मिलिमीटरवर, व्याध साडेआठ मिलिमीटर, श्रवण १७ मिलिमीटर, अभिजित अडीच सेंटीमीटर, स्वाती ३.७, रोहिणी साडेसहा सेंटीमीटर. कृत्तिकांचा पुंजका ४४ सेंटीमीटरवर, ज्येष्ठा अर्ध्या मीटरच्या जरा पुढे. नुसत्या डोळ्यांनी जे तारे आपण बघतो त्यातले बहुतेक खुर्चीपासून हात लांब केला तर हाताला लागतील, काही थोडे त्याच्या बाहेर. आजीने दाखवलेली सगळी नक्षत्रं, पंचांगातली सत्तावीसच्या सत्तावीस, खुर्चीच्या आसपासच आटोपतात, आणि मैदान सगळीकडे तसंच मोकळं दिसतंय.

मोकळं नाहीये अर्थात, त्यात शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत, कितीतरी जास्त. आपल्याला दाखवता येत नाहीत इतकंच.

कागदावर अजून एक वर्तुळ काढा, १० सेंटीमीटर त्रिज्येचं. शंभरेक वर्षांपूर्वी माणसाने रेडिओचं प्रसारण सुरू केलं, त्या लहरी प्रकाशाच्या वेगाने पसरत आज इथपर्यंत पोचल्यात. इथं माणसं आहेत याची खबर मैदानातल्या या ताटलीएवढ्या वर्तुळाबाहेर कुणाला असणं शक्य नाही, आणि आतही त्या लहरी इतक्या क्षीण झालेल्या असतात की ऐकायला फार मोठे कान लागतील. 'परग्रहवाले आहेत तर येत का नाहीत' हा प्रश्न आला की या कागदाकडे बोट दाखवायचं. पूर्ण उत्तर नाही ते, पण निम्मं तरी आहे.

ही खुर्ची फिरतेय पण. सूर्य आकाशगंगेच्या मध्याभोवती एक फेरी मारायला साधारण २३ कोटी वर्षं घेतो. डायनोसॉर संपून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली, म्हणजे त्यानंतर पाव फेरीच्या जरा पुढे आलोय. पोरांना काठीभोवती पाव फेरी चालायला लावा, टेपची एक बाजू काठीला धरून, ते चाळीसेक मीटर होतं.

आता परत मरीन ड्राइव्हवर या, किंवा जो रस्ता घेतला असेल तिथं. आकाशगंगेसारखी दुसरी मोठी दीर्घिका, देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. १ मिलिमीटरला १ प्रकाशवर्ष या हिशोबाने किती? अडीच किलोमीटर. म्हणजे ज्या खांबावर व्हॉयेजरचं कार्ड लावलं तोच खांब! दुसरं कार्ड त्याच्याच खाली लावा. हा निव्वळ योगायोग आहे पण मला भयंकर आवडतो, एकाच खांबावर दोन पाट्या, एका स्केलवर माणसाची सगळ्यात लांबची मजल आणि दुसऱ्यावर शेजारची दीर्घिका.

दुसरा योगायोग याहून भारी. जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांचा एक महाप्रचंड समूह जाहीर केला, नाव ठेवलं सरस्वती, मीन राशीच्या दिशेला, अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं, पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांचा. आपल्या दुसऱ्या स्केलवर अंतर ४ हजार किलोमीटर, परत सिंगापूरपलीकडे, मघाच्या आवळ्याच्याच जागी. आणि रुंदी ६०० किलोमीटर, म्हणजे पुण्यापासून जवळपास नागपूरपर्यंत सरळ रेषेत. लक्षात घ्या, या स्केलवर अख्खी आकाशगंगा एका मैदानाएवढी आहे, आणि हा समूह पुणे ते नागपूर.

दिसू शकणाऱ्या विश्वाची हद्द मग कुठं येते? साडेसेहेचाळीस अब्ज प्रकाशवर्षं, म्हणजे ४६ हजार ५०० किलोमीटर, आणि पृथ्वीचा घेर ४० हजार. रस्ताच संपला, फिरून परत नरिमन पॉइंटला येऊन वर अजून साडेसहा हजार किलोमीटर जावं लागेल. इथं नेहमी एक प्रश्न येतो, विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं तर हद्द ४६ अब्जावर कशी? कारण प्रकाश वाटेत असताना मधली जागा ताणली गेली, ज्या ठिकाणाहून तो निघाला ते ठिकाण आता खूप लांब गेलंय. आणि ही हद्द म्हणजे कुंपण नव्हे, आपल्याला दिसण्याची मर्यादा आहे, देवयानीतून कुणी बघत असेल तर त्याची हद्द त्याच्याभोवती. पलीकडे किती आहे ते कुणालाच मोजता आलेलं नाही.

एवढं दिवसा झालं. रात्रीचा भाग नोव्हेंबरमध्ये करा, पावसाळा संपून आकाश धुतलेलं असतं. अमावस्येच्या आगेमागे चार दिवस धरा आणि शहराबाहेर पडा, मुंबईकर पूर्वीपासून वांगणीला जातात, भंडारदरा किंवा माळशेजकडे अजून काळं आकाश मिळतं. एकटे जायचं नसेल तर मुंबईत खगोल मंडळ आणि पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, त्यांच्याबरोबर जा. मोबाईल खिशात ठेवून वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मधे एकदा जरी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर परत वीस मिनिटं.

रात्री नऊच्या सुमाराला जवळपास डोक्यावरच चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातला तारा पकडा, तिथून ईशान्येकडे जाणाऱ्या ओळीत दोन ठळक तारे मोजा, दुसऱ्यावर थांबा. आता काटकोनात वायव्येला, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या एम अक्षराच्या बाजूला वळा, दोन मंद तारे लागतात, दुसऱ्याच्या अगदी शेजारी एक पुसट धुरकट डाग आहे. थेट बघितलं तर तो गायब होतो, नजर जरा बाजूला ठेवा म्हणजे उमटतो. ती देवयानी दीर्घिका, खांबावरचं दुसरं कार्ड. माणसाला नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या गोष्टींत सगळ्यात लांबची हीच, आत्ता डोळ्यात येतोय तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, आणि आपली होमो सेपियन्स ही जात जेमतेम ३ लाख वर्षांची. १९२३ मध्ये एडविन हबलला या डागात प्रकाश कमी-जास्त करणारा एक तारा सापडला, तसल्या ताऱ्यांवरून अंतर काढायची किल्ली हेन्रिएटा लेव्हिटने आधीच शोधून ठेवली होती, आणि हा डाग आपल्या मैदानाच्या बाहेर आहे हे तेव्हा पक्कं झालं. त्याआधी कित्येक मोठे शास्त्रज्ञ सगळं विश्व म्हणजे हे एकच मैदान असं धरून चालले होते, शंभर वर्षांमागची गोष्ट.

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नका, कुणाकडून ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची बायनॉक्युलर मागून आणा, तो डाग लांबट होऊन छान दिसतो. फोटोत असतात तसे रंग आणि सर्पिल हात दिसणार नाहीत हे पोरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही. नोव्हेंबर ढगात गेला तर डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेसातला तो जवळपास त्याच जागी असतो, आणि जानेवारीत अंधार पडल्या पडल्या वायव्येला बघायचं, उशीर केला तर हातचा जातो.